रोवणीचा अंगठा

२०२४ च्या दिवाळीला मी गोंडपिपरीला घरी गेले, तेव्हा आईची उजव्या पायाची चप्पल ब्लेडने कापलेली दिसली. पट्टा शाबूत होता, पण अंगठ्याच्या मुळाशी जिथे तो घासतो, तिथला अर्धचंद्राएवढा तुकडा तिने काढून टाकला होता.

‘‘उंदरानं खाल्ली का?’’ मी विचारलं.

‘‘अंगठ्यानं खाल्ली,’’ ती म्हणाली.

तिच्या अंगठ्याच्या सांध्यावर सुपारीएवढं टेंगूळ आलं होतं. अंगठा हातात धरून वर वळवायला गेले, तर तो हललाच नाही आणि आईने दात आवळले. दोन हंगाम ती हे लपवत होती. सकाळी उठल्यावर पहिली दहा पावलं पायाच्या बाहेरच्या कडेवर टाकायची, मग दिवसभर तशीच चालायची. त्यामुळे आता गुडघाही दुखायला लागला होता.

चंद्रपूरला एक्स-रे काढला, मग नागपूरला हाडांच्या डॉक्टरांकडे गेलो. दोन हाडांच्या मध्ये जी काळी फट दिसायला हवी, ती जवळजवळ नव्हतीच. वरच्या बाजूला हाडाची चोच वाढलेली. डॉक्टर म्हणाले, ‘‘सांध्यातली गादी पूर्ण झिजली आहे. दोन रस्ते आहेत. एक म्हणजे दोन्ही हाडं कायमची जोडून टाकायची. सांधाच उरणार नाही, म्हणून दुखणारही नाही. दुसरा म्हणजे कृत्रिम सांधा बसवायचा.’’

माझं उत्तर तयार होतं. गुडघा बदलतात, खुबा बदलतात. माझ्या आत्याचा गुडघा बदलला आणि आता ती एकटी बाजारात जाते. एकविसाव्या शतकात कोणी आपल्या आईचा सांधा मुद्दाम जखडून घेईल का? फोनमध्ये मी एक व्हिडिओ जपून ठेवला होता. त्यात पाण्यासारख्या पारदर्शक जेलचा एक छोटासा खुंटा हाडात बसवतात आणि एक गोरी बाई काही आठवड्यांनी धावायला लागते.

पण आईने वेगळंच विचारलं. ‘‘डॉक्टरसाहेब, मग मले रोवणीत मागं मागं जाता येईन का?’’

डॉक्टर थोडा वेळ गप्प राहिले. मग प्रामाणिकपणे म्हणाले, ‘‘हा प्रश्न मला आजपर्यंत कुणी विचारला नव्हता.’’

त्या प्रश्नाचं उत्तर शोधायला मी बसले, आणि अंगठ्याच्या एका सांध्याचा सव्वाशे-दीडशे वर्षांचा इतिहास हाती लागला.

*

आधी आईचा प्रश्न समजून घेऊ. आमच्या झाडीपट्टीत धानाची लावणी म्हणत नाहीत, रोवणी म्हणतात. जुलै-ऑगस्टमध्ये बांधीत घोटाभर चिखल करतात. बाया ओळीने उभ्या राहतात, कमरेत वाकतात, एका हातात पऱ्ह्यांची जुडी धरतात आणि दुसऱ्या हाताने रोपं चिखलात खोचत जातात. आणि चालतात उलट्या. पुढे चाललं तर आत्ताच लावलेलं रोप पायाखाली येईल, म्हणून एकेक पाऊल मागे.

तुम्ही उभे राहून एकदा करून बघा. पुढे चालताना टाच आधी टेकते, आणि पाऊल उचलताना शेवटी अंगठा वाकतो. मागे चालताना उलटं होतं. अंगठा आधी टेकतो, टेकताच वाकतो, आणि मग वजन टाचेवर उतरतं. चिखलात पाय ओढून काढायचा असेल, तर अंगठ्यावर भार आणखी वाढतो. मार्च-एप्रिलमध्ये मोह वेचताना चवड्यांवर बसून पुढे सरकायचं असतं, त्यातही हाच सांधा पूर्ण वाकलेला असतो. आईच्या वर्षाचं अर्धं काम या एका सांध्यावर उभं आहे.

या सांध्याची रचना मोठी हुशार आहे. तळपायाखाली टाचेपासून बोटांपर्यंत एक जाड, चिवट पट्टा असतो. अंगठा वर वळला की हा पट्टा सांध्याभोवती गुंडाळला जातो, ताणला जातो, पायाची कमान उंचावते, आणि एरवी मऊ असलेलं पाऊल क्षणभर घट्ट तरफेसारखं होतं. १९५४ साली जे. एच. हिक्स या ब्रिटिश संशोधकाने हे मांडलं आणि त्याला दोर गुंडाळणाऱ्या रहाटाचं नाव दिलं. आपल्याला विहिरीवरचा रहाट आठवला तरी चालेल. अंगठा वळला नाही तर दोर गुंडाळला जात नाही, आणि बादली वर येत नाही.

*

माणसाने बनवलेल्या सगळ्यात जुन्या कृत्रिम अवयवांपैकी एक पायाचा अंगठाच आहे, हे मला माहीत नव्हतं. इजिप्तमध्ये लक्सरजवळच्या थडग्यात एका बाईच्या ममीच्या पायाला लाकूड आणि चामड्याचा अंगठा बांधलेला सापडला. ती पुरोहिताची मुलगी होती. काळ इसवी सनापूर्वी ९५० ते ७१० च्या दरम्यानचा. मेलेल्या माणसाचं शरीर पूर्ण दिसावं म्हणून तो लावला असेल, असं कुणी म्हणू शकलं असतं. पण त्या अंगठ्यावर वापराच्या खुणा आहेत आणि तो वेगवेगळ्या तुकड्यांचा आहे, म्हणजे वाकू शकतो.

मँचेस्टर विद्यापीठातल्या जॅकी फिंच यांनी त्याच्या प्रतिकृती बनवल्या आणि उजवा अंगठा नसलेल्या माणसांना घालून चालायला लावलं. इजिप्शियन पद्धतीच्या सँडलही त्यांनी मुद्दाम बनवून घेतल्या. २०११-१२ च्या सुमारास हे काम प्रसिद्ध झालं. अंगठा नसेल तर तशी सँडल पायात धरून ठेवणं अवघड जातं, आणि तो लाकडी अंगठा घातला की चालणं सुधारतं, असं दिसलं. तीन हजार वर्षांपूर्वीच्या त्या कारागिराने त्या बाईच्या पायात काय असतं, याचा विचार केला होता. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आपल्याकडच्या जुन्या वैद्यकातही पायापासून सुरू होणारा सांध्याचा आजार आहे. चरक आणि सुश्रुत या दोन्ही संहितांमध्ये ‘वातरक्त’ येतो. त्याचं एक नाव आहे ‘आढ्यवात’. आढ्य म्हणजे श्रीमंत. बसून खाणाऱ्या, सुखवस्तू माणसाचा रोग. ग्रीकांच्या ‘पोडाग्रा’लाही युरोपात राजेरजवाड्यांचा आजार म्हणत. आज आपण त्याला गाऊट म्हणतो, आणि त्याचा पहिला झटका बऱ्याचदा पायाच्या अंगठ्यातच येतो.

म्हणजे अंगठ्याच्या दुखण्याला शास्त्रात जागा मिळाली ती श्रीमंतांच्या पायामुळे. आईचा रक्तातला युरिक ॲसिडचा रिपोर्ट मात्र साफ होता. तिच्या अंगठ्याचा आजार झिजेचा होता.

या दुसऱ्या आजाराला नाव मिळालं ते १८८७ मध्ये. त्या एका वर्षात ब्रिटनमधल्या दोन डॉक्टरांनी, डेव्हिस-कॉली आणि कॉटरिल यांनी, ताठरलेल्या अंगठ्याचं वेगवेगळं वर्णन केलं. पुढे ‘हॅलक्स रिजिडस’ हे नाव रुळलं. लॅटिनमध्ये हॅलक्स म्हणजे पायाचा अंगठा, रिजिडस म्हणजे ताठर. लॅटिन आणि इंग्रजीत हाताच्या आणि पायाच्या अंगठ्याला वेगळे शब्द आहेत, मराठीत दोन्हींना एकच. हाताच्या अंगठ्याचा ठसा सरकारी कागदावर उमटतो, म्हणून त्याच्या नावाने ‘अंगठेबहाद्दर’ असं हिणवलं तरी जातं. पायाच्या अंगठ्याचा ठसा फक्त चिखलात उमटतो.

*

नाव मिळालं, मग सुरी आली. सुरुवातीच्या शस्त्रक्रियांचं तत्त्व सोपं होतं. दोन हाडं एकमेकांवर घासतात ना, मग एक कापून टाका. १९०४ मध्ये विल्यम केलर या अमेरिकी लष्करी शल्यचिकित्सकाने अंगठ्याच्या हाडाचा बुडखा कापून काढण्याची पद्धत मांडली. घासणं थांबायचं, दुखणं कमी व्हायचं. पण अंगठा आखूड व्हायचा, लुळा पडायचा, जमिनीवर जोर द्यायचा नाही. भार शेजारच्या बोटांवर जायचा आणि तिथे दुखायला लागायचं. फार न चालणाऱ्या वयस्कर माणसांना ती चालून जायची.

दुसरा मार्ग हाडं जोडून टाकण्याचा. १८९४ मध्ये लंडनच्या क्लटन यांनी वाकड्या अंगठ्यासाठी तो सुचवला होता. दोन्ही हाडांची टोकं खरवडायची, एकमेकांना भिडवायची आणि मोडलेलं हाड सांधतं तसं त्यांना सांधू द्यायचं. ऐकायला ही पद्धत मागासलेली वाटते. बिजागरी गंजली म्हणून दारच भिंतीला ठोकून टाकण्यासारखी.

तिसरा मार्ग उघडला तो इंग्लंडमध्ये, पण अंगठ्यासाठी नाही, खुब्यासाठी. जॉन चार्नली हे लँकेशायरमधल्या राइटिंग्टन इथे खुब्याचा कृत्रिम सांधा बनवत होते. धातूचा गोळा आणि टेफ्लॉनची वाटी, हे १९५० च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी वापरलेलं जोडकाम. सुरुवातीला रुग्ण आनंदाने चालत घरी गेले. दोन-तीन वर्षांत टेफ्लॉन झिजलं, त्याच्या भुकटीने आजूबाजूचं हाड खाल्लं, आणि शेकडो रुग्णांच्या शस्त्रक्रिया पुन्हा कराव्या लागल्या. पुढचा पदार्थ निवडताना चार्नलींनी त्याचा तुकडा आधी स्वतःच्या मांडीत बसवून पाहिला. तो पदार्थ होता पॉलिथिलीनचा एक टणक प्रकार. तो त्यांच्यापर्यंत पोचला एका विक्रेत्याकडून, आणि तोवर त्याचा वापर होत होता कापडाच्या मागांची दातेरी चाकं बनवायला. नोव्हेंबर १९६२ पासून तो खुब्यात जाऊ लागला, आणि आज जगभर जे खुबे-गुडघे बदलले जातात त्यांचा पाया तिथे आहे.

खुब्यात जमलं, गुडघ्यात जमलं, मग अंगठ्यात का नाही? मीही हेच विचारत होते.

अमेरिकेतल्या मिशिगनमधले आल्फ्रेड स्वान्सन यांनी संधिवाताने वाकड्या झालेल्या हाताच्या बोटांसाठी सिलिकॉनचे लवचिक सांधे बनवले होते. १९६० च्या दशकाच्या शेवटी आणि ७० च्या दशकात तेच सिलिकॉन पायाच्या अंगठ्यात आलं. आधी एका बाजूला खुंटी असलेलं, मग दोन्ही बाजूंना खुंट्या असलेलं बिजागरीसारखं. पहिली काही वर्षं निकाल चांगले दिसले. मग तेच घडलं जे टेफ्लॉनचं घडलं होतं. सिलिकॉन झिजलं, तुटलं. त्याच्या बारीक कणांनी सांधा सुजू लागला, हाडात पोकळ्या पडू लागल्या. हाडाच्या धारेवर घासून तुटतं म्हणून टायटॅनियमच्या कड्या बसवल्या. पुढे धातूचे, चिनी मातीसारख्या सिरॅमिकचे, धातू-प्लॅस्टिकचे सांधे आले.

अडचण आकाराची आणि जोराची आहे. खुब्याच्या सांध्याला मांडीच्या जाड, लांब हाडात रोवता येतं. अंगठ्याचं हाड बोटभर. त्यात खुंटी बसवायला जागा थोडी, आणि चालताना प्रत्येक पावलाला तिच्यावर येणारा जोर सरळ खाली नसून घसटता, वरच्या दिशेने ढकलणारा. खुंटी हळूहळू हलायला लागते. आणि ती काढावी लागली, तर मागे हाडात खड्डा राहतो. मग सांधा जोडायचा म्हटलं तरी तो खड्डा भरायला कमरेच्या हाडातला तुकडा आणावा लागतो.

२००५ मध्ये स्कॉटलंडमधल्या गिब्सन आणि थॉमसन या डॉक्टरांनी एक सरळ तुलना प्रसिद्ध केली. चिठ्ठी टाकावी तसे रुग्ण दोन गटांत वाटले. एका गटाचे ३८ अंगठे जोडले, दुसऱ्या गटाच्या ३९ अंगठ्यांत कृत्रिम सांधा बसवला. दोन वर्षांत जोडलेले सगळे ३८ अंगठे नीट सांधले. बसवलेल्या ३९ सांध्यांपैकी ६ काढून टाकावे लागले. दुखणं दोन्ही गटांत कमी झालं, पण जोडलेल्या गटात जास्त.

आणि माझा तो जेलचा खुंटा? तो पॉलिव्हिनाइल अल्कोहोल नावाच्या पदार्थाचा होता. ब्रिटन आणि कॅनडात सुमारे दोनशे रुग्णांवर चाचणी झाली, हाडं जोडण्याच्या तोडीस तोड ठरला, आणि जुलै २०१६ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाने त्याला परवानगी दिली. पुढच्या वर्षांत तो दबत जाणं, सैल होणं, दुखणं परत येणं अशा तक्रारी साचत गेल्या. ऑक्टोबर २०२४ च्या शेवटी तो बाजारातून परत घेण्यात आला. पुन्हा शस्त्रक्रिया कराव्या लागण्याचं प्रमाण अपेक्षेपेक्षा जास्त निघालं होतं.

म्हणजे ज्या दिवाळीत मी आईची कापलेली चप्पल पाहिली, त्याच दिवसांत. माझ्या फोनमधला व्हिडिओ मात्र अजून चालतच होता. ती बाई अजून धावतच होती.

*

इथपर्यंत आईच्या प्रश्नाला उत्तर मिळालं नव्हतं. कुठला सांधा टिकतो हे कळलं, पण मागे चालताना काय होतं? मग मी या अभ्यासांत ‘बरं होणं’ मोजतात कसं, ते पाहिलं.

अंगठ्याच्या शस्त्रक्रियांसाठी १९९४ पासून अमेरिकी डॉक्टरांच्या संघटनेची १०० गुणांची एक मोजपट्टी जगभर वापरली गेली. दुखण्याला ४०, कामाला ४५, अंगठा किती सरळ आहे याला १५. कामाच्या ४५ पैकी १० गुण पादत्राणांचे. फॅशनचे, नेहमीचे बूट घालता येत असतील तर १०. आरामदायी बूट लागत असतील तर ५. बुटात बदल करावा लागत असेल तर ०.

माझ्या आईने चप्पल ब्लेडने कापली होती. तिला शून्य. पण ती चप्पल बांधाच्या धुऱ्यावर काढून ठेवते आणि अनवाणी चिखलात उतरते, त्या पायाला गुण द्यायची सोय त्या कागदावर नव्हती. त्यात रोजच्या कामांवर किती मर्यादा येतात, हा प्रश्न होता. पण मला वाचायला मिळालेल्या एकाही चाचणीत मागे चालणं मोजलेलं नव्हतं. ज्यांचे पाय तपासले, त्यांना ते करावंच लागत नव्हतं.

हे पहिल्यांदा मोठ्याने बोलून दाखवणारे लोक भारतातच सापडतात. जयपूरच्या सवाई मानसिंह रुग्णालयातले डॉ. प्रमोद करण सेठी पाय तुटलेल्या माणसांना पाश्चात्त्य पद्धतीचे कृत्रिम पाय देत होते. काही महिन्यांनी तीच माणसं कुबड्यांवर दिसायची. पाय बुटात घालण्यासाठी बनवलेला, आणि माणूस शेतात अनवाणी जाणारा. त्या पायाने मांडी घालता येत नव्हती, उकिडवं बसता येत नव्हतं, पाण्यात उतरता येत नव्हतं. १९६० च्या दशकाच्या शेवटी सेठी आणि रामचंद्र शर्मा या फारसं न शिकलेल्या कारागिराने मिळून रबराचा पाय बनवला. ट्रकच्या टायरवर रबर चढवणाऱ्यांचं तंत्र त्यात कामी आलं. तो ‘जयपूर फूट’ अनवाणी वापरता येतो, चिखलात चालतो, आणि दिसतोही पायासारखा, बोटांसकट. १९८१ मध्ये सेठींना मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

पुण्याचे डॉ. के. एच. संचेती यांनी ‘इंडस’ नावाचा गुडघ्याचा सांधा तयार केला, तोही इथल्या रुग्णांची गरज आणि खिसा डोळ्यांपुढे ठेवून. ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्र सरकारने गुडघ्याच्या कृत्रिम सांध्यांच्या किमतीवर मर्यादा आणली. गुडघ्याला असे वाली मिळाले, कारण गुडघे शहरातही झिजतात. अंगठा त्या रांगेत फार मागे उभा आहे.

*

आणि आमच्या जिल्ह्याचा स्वतःचा पायांचा इतिहास आहे. गोंडपिपरी चंद्रपूर जिल्ह्याच्या एका टोकाला, वरोरा दुसऱ्या टोकाला. तिथे बाबा आमट्यांनी १९४९ मध्ये महारोगी सेवा समिती स्थापन केली आणि आनंदवन उभं राहिलं. शाळेच्या सहलीत आम्ही तिथे गेलो होतो. बोटं झडलेल्या पायांनी चालणारी माणसं मी तिथे पहिल्यांदा पाहिली, आणि मला वाटलं, यांना किती दुखत असेल.

त्यांना दुखत नव्हतं, हीच अडचण होती. कुष्ठरोगात मज्जातंतू मरतात, तळपायाला संवेदना राहत नाही. १९४६ मध्ये वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आलेल्या पॉल ब्रँड यांनी हे नीट उलगडून दाखवलं. बोटं रोगाने थेट गळत नाहीत. खडा टोचला तरी कळत नाही, जखम झाली तरी माणूस त्याच पायावर चालत राहतो, आणि अंगठ्याखालच्या त्या जास्त भाराच्या जागी व्रण पडत जातात. ब्रँड यांनी स्नायूंच्या दोऱ्या हलवून हात-पाय दुरुस्त केले, आणि पायांसाठी मऊ रबराच्या चपला बनवून घेतल्या. पुढे आयुष्यभर ते सांगत राहिले की वेदना ही देणगी आहे.

आईच्या अंगठ्याकडे बघताना मला हे पटायला जड गेलं. पण त्या वेदनेने तिच्याकडून चप्पल कापून घेतली, आणि ती चप्पल पाहून मी तिला नागपूरला नेलं, हेही खरंच. ज्यांना वेदना नाही, त्यांच्यासाठी चप्पल दुसऱ्या कुणाला तरी बनवावी लागते. सेठी, ब्रँड आणि तीन हजार वर्षांपूर्वीचा तो इजिप्तचा कारागीर, तिघांनीही सुरुवात एकाच ठिकाणाहून केली. हा पाय कुठे टेकणार आहे?

*

डिसेंबरमध्ये आम्ही पुन्हा डॉक्टरांकडे गेलो. या वेळी व्हिडिओ नव्हता, प्रश्न होते. हाडाची चोच तेवढी तासून भागेल का? ते म्हणाले, आजार मधल्या टप्प्यात असता तर तेच केलं असतं, आता गादीच उरलेली नाही. सिलिकॉनचा सांधा? ‘‘घरात चालणाऱ्या माणसाला विचार करता येईल. चिखलातून दिवसभर पाय ओढणाऱ्या बाईला मी देणार नाही. तुटला तर मागे काही उरणार नाही.’’

राहिला हाडं जोडण्याचा मार्ग. मी ज्याला मागासलेला समजत होते, तो.

मग त्यांनी आईला विचारलं, ‘‘चपलेची टाच किती उंच असते तुमची?’’

आई हसली. ‘‘टाच कायची साहेब, अर्धा वेळ त चप्पलच नसते.’’

तो प्रश्न उगाच नव्हता. अंगठा जोडताना तो कोणत्या कोनात जोडायचा हे ठरवावं लागतं, कारण पुन्हा तो बदलता येत नाही. उंच टाचांची सवय असलेल्या बाईचा अंगठा थोडा जास्त वर ठेवतात. सपाट चालणाऱ्याचा कमी. फार वर ठेवला तर तो बुटाला घासतो आणि जमिनीला टेकत नाही. फार खाली ठेवला तर प्रत्येक पावलाला जमिनीवर आपटतो. त्यासाठी शस्त्रक्रियेच्या टेबलावर, बेशुद्ध माणसाच्या तळपायाखाली एक सपाट पत्रा धरतात. अवजारांच्या डब्याचं झाकणही चालतं. तो पत्रा म्हणजे जमीन. त्या जमिनीवर अंगठा नीट टेकला की मग स्क्रू आणि पट्टी बसवतात.

आईच्या वेळी डॉक्टरांनी पत्रा धरला आणि मनात बांधी धरली असावी. आम्हाला ते एवढंच म्हणाले होते, ‘‘अनवाणी पायाच्या हिशोबाने जोडतो.’’

जानेवारीत शस्त्रक्रिया झाली. सहा आठवडे टाचेवरच चालायचं होतं. आईला घरात बसवणं हे त्यापेक्षा कठीण काम होतं, ते बाबांनी केलं. एप्रिलच्या एक्स-रेत दोन हाडांच्या मधली रेघ पुसली गेली होती. त्या वर्षी मोह वेचायला ती गेली नाही. चवड्यांवर बसून सरकणं आता तिला कधीच जमणार नाही. हे डॉक्टरांनी आधी सांगितलं होतं आणि तिने ‘‘हो’’ म्हटलं होतं, तरी झाडाखाली फुलं पडायला लागली तेव्हा ती दोन दिवस कुणाशी फार बोलली नाही.

जुलैत रोवणी सुरू झाली. मी फोनवर विचारलं, ‘‘मागं जाता येते का?’’

‘‘येते,’’ ती म्हणाली. ‘‘पण आडवं.’’

ऑगस्टमध्ये गेले तेव्हा पाहिलं. उजवा पाय ती सरळ मागे टाकत नाही. थोडा बाहेर वळवून, पावलाच्या आतल्या कडेवर टेकवते, मग टाच. अंगठ्याच्या टोकाकडचा लहान सांधा अजून वाकतो, तो जमेल तेवढी मदत करतो. इतर बायांच्या ओळीत ती अर्ध्या हाताने मागे पडते. पूर्ण दिवस करत नाही, दुपारपर्यंत रोवते आणि मग धुऱ्यावर बसून जुड्या फेकते. दुखतं का विचारलं, तर म्हणाली, चिखल्या झाल्या आहेत बोटांच्या बेचक्यात, त्याच दुखतात. अंगठा नाही दुखत.

तिची ही चाल कुठल्याही मोजपट्टीत बसणार नाही. मी तिचा अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ काढला आणि डॉक्टरांना पाठवला. त्यांचं उत्तर आलं, ‘‘हा ठेवून घेतो. पुढच्या वेळी कुणी विचारलं, तर दाखवायला होईल.’’

धुऱ्यावर तिच्या चपला काढून ठेवल्या होत्या. नव्या, निळ्या पट्ट्याच्या, कुठेच न कापलेल्या.